मांजर अजून जन्मायचंय, केक कापून झाला!

काय म्हणायचं या जगाला? ज्याला जन्माला यायला अजून ऐंशीच्या वर वर्षं आहेत, त्याचा वाढदिवस दरसाल ३ सप्टेंबरला थाटात साजरा होतो. तिकडे जपानात टीव्ही आसाही नावाची वाहिनी त्या सुमारास ‘वाढदिवस विशेष’ लावते आणि मिनिटाच्या हिशेबाने गाड्या पळवणारी ती शहाणीसुरती माणसं मांडी ठोकून ते बघत बसतात. वाढदिवस कुणाचा? राजाचा? शास्त्रज्ञाचा? छे हो! एका गोलमटोल निळ्या मांजराचा. बरं, ते मांजर तरी धड आहे का? कान नाहीत, मिशा नावापुरत्या, आणि उंदीर दिसला की बोंब ठोकत पळत सुटतं. त्यातही ते खरं नव्हेच, यंत्र! बाविसाव्या शतकातून टाइम मशीनमध्ये बसून आलेलं. डोरेमॉन!

जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. आपल्याकडे होऊन गेलेल्या माणसांच्या जयंत्यांवरून दोन दोन मिरवणुका निघतात, यांनी न झालेल्याची तारीख पक्की करून टाकली. आणि थाट तर बघा. उंची १२९.३ सेंटिमीटर. वजन १२९.३ किलो. उंदीर बघून मारलेली उडी १२९.३ सेंटिमीटर आणि मग पळण्याचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर. आता जन्मतारीख उलगडून बघा: १२ साल, ९ वा महिना, ३ तारीख. छत्तीस गुण जुळलेल्या जोडप्याचं लग्नानंतर इतकं जुळलेलं पाहिलंय का कुणी?

कहर झाला २०१२ साली. त्या वर्षी ‘जन्माला शंभर वर्षं बाकी’ म्हणून सोहळा झाला. जन्मशताब्दी आपल्याला ठाऊक, स्मृतिशताब्दी ठाऊक. ही कसली शताब्दी म्हणायची? हाँगकाँगात तर शंभर डोरेमॉन ओळीने उभे केले आणि लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायला लोटले. शंभर! एक पुरला नाही!

जपानीच तेवढे कामातून गेलेत असं मात्र समजू नका. इंग्रज तर भारी शिष्ट ना? २३ नोव्हेंबर २०१३ ला त्यांच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेला पन्नास वर्षं झाली. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागेपुढे हिंडणारा एक परग्रहावरचा डॉक्टर. त्याच्या पन्नाशीचा विशेष भाग बीबीसीने एकाच वेळी ९४ देशांत दाखवला, गिनेस बुकात नोंद झाली, आणि मोठी माणसं गळ्यात लांबलचक मफलर गुंडाळून चित्रपटगृहांत जाऊन बसली. निळं खोकं काय, निळं मांजर काय! काळात भटकणाऱ्यांना या निळ्याचं एवढं काय आहे कोण जाणे. आणि आपण तरी कुठले धुतल्या तांदळाचे? ऐंशीच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं, तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर कळत नसताना त्या टोकदार कानांच्या स्पॉककडे आ वासून बघणारे आपणच होतो की.

ते असो. जपान्यांचं जपान्यांनी बघावं, इंग्रजांचं इंग्रजांनी. पण परभणीला काय झालंय?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून छाती काढणारं आपलं गाव. या गावाने निजामाचा अंमल पाहिला, दुष्काळ पाहिले, मे महिन्यात अंडं उकडेल असं ऊन पाहिलं आणि कुणापुढे मान तुकवली नाही. ते आता एका मांजरापुढे लोटांगण घालतंय? २००५ साली हे ध्यान ‘हंगामा’ वाहिनीवर हिंदीत बोलायला लागलं आणि केबलच्या वायरीवरून चालत चालत घरोघर शिरलं. मांजरच ते. वायरीवरून येणार, पत्र्यावरून येणार. तेव्हा जी लेकरं पाटावर बसून वरणभात खाता खाता त्याच्याकडे टक लावून बघत होती, ती आता स्वतः आई-बाप झाली. त्यांची लेकरंही तेच बघायलीत. आणि तीन पिढ्यांत एकाने तरी टीव्ही बंद केलाय का? रिमोट हरवल्याचं नाटक सगळ्यांनी केलं, ते सोडा.

जूनमध्ये बाजारात चक्कर मारून बघा. दप्तरावर तोच, डब्यावर तोच, पाण्याच्या बाटलीच्या टोपणाच्या जागी त्याचंच टक्कल. छत्रीवर तो, चपलेवर तो. श्रावणात राखी घ्यायला जा, बटण दाबलं की लुकलुकणारा तोच. बहीण ओवाळते भावाला, मनगटावर मांजर! फेब्रुवारीत उरसात जा, फुगेवाल्याच्या काठीला सगळ्यात उंच तोच लोंबकळतोय. एकदा फुगा फुटला की लेकरू असं भोकाड पसरतं, की आजूबाजूचे चार जण खिशात हात घालून दुसरा घेऊन देतात. उगाच नाही, आवाज सहन होत नाही म्हणून. असं आपण म्हणतो.

आणि केक? केकची गोष्ट तर सांगण्यासारखीच. वसमत रोडकडच्या एका बेकरीत संध्याकाळची वेळ. काचेच्या पेटीवर निळाशार केक ठेवलेला, इतका निळा की खाल्ल्यावर दोन दिवस जीभ दाखवत हिंडावं. कारागिराने जीव ओतून केलेला. गोल तोंड, लाल नाक, गळ्यात पिवळी घंटा, आणि पोरगा मांजर म्हणतोय तर मांजर, म्हणून हौसेने क्रीमचे दोन टोकदार कान. चार-पाच वर्षांचं ते लेकरू केककडे बघतं, खालचा ओठ थरथरतो, आणि मग शुद्ध हिंदीत गर्जना होते, ‘अंकल, इसके कान तो चूहे ने खा लिए थे!’ दुकान चिडीचूप. कारागीर बापाकडे बघतो, बाप आईकडे बघतो, आई छताकडे. तेवढ्यात मागे रांगेत खारी-टोस्ट घ्यायला उभे असलेले एक गृहस्थ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, गळ्यात उपरणं, घसा खाकरून म्हणतात, ‘बरोबर आहे लेकराचं. कान नसतात त्याला. पहिल्यांदा पिवळा होता तो. उंदराने कान कुरतडले, हा रडला, रंग उडाला, निळा झाला.’ आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन खारी न घेताच बाहेर पडतात!

बघितलं? हे असं आहे सगळं. विचाराल त्याला ‘आम्ही नाही बाई असलं काही बघत’. आणि कान गेल्याची हकीकत मात्र सनावळीसकट पाठ. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजर टीव्हीत आणि डोळे मिटून दूध पिणारे आपण.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारत बसलो. जपान्यांनी १९६९ सालीच बांधून टाकली. त्या डिसेंबरात मुलांच्या सहा मासिकांत एकदम ही गोष्ट सुरू झाली. काढणारे फुजिको एफ. फुजिओ, खरं नाव हिरोशी फुजिमोतो. गोष्ट सुचत नव्हती, डोकं धरून बसले होते, घरात पोरीच्या डोलणाऱ्या बाहुलीला पाय अडखळला, त्याआधी बाहेर मांजरांचं भांडण ऐकलेलं. दोन्हींची झाली मोट. अशा अडखळण्यातून पंचेचाळीस पुस्तकं, चाळीसच्या वर सिनेमे आणि घरोघरची जेवणं उभी राहिली. आपणही रोज पोरांच्या खेळण्यांना अडखळतो. आपल्या तोंडून काय निघतं? सांगण्यासारखं नाही.

आता सज्जनांनी विरोध केला नाही असं नाही. बांगलादेशाने २०१३ साली बंदीच घातली. कारण काय, तर लेकरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली! पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत २०१६ साली बंदी मागणारा ठराव आला. त्याच साली आपल्या मध्य प्रदेशातल्या एका कार्यकर्त्याने नोटीस धाडली. तीन देश, ज्यांचं एरवी क्रिकेटच्या पंचावरसुद्धा एकमत होत नाही, ते एका बिनकानाच्या मांजरावर एक झाले. शांततेचा कुठला पुरस्कार द्यायचा राहिलाय का त्याला? जपानच्या परराष्ट्र खात्याने तर २००८ सालीच त्याला दूत म्हणून नेमून टाकलं होतं. माणसं नेमून काही होत नाही हे त्यांनी वेळेत ओळखलं.

ढाक्याची तक्रार मात्र परभणीकराला ऐकायला मोठी गोड लागते. अहो, लेकरं हिंदी बोलतात म्हणून काय रडता? आमचं हिंदी ऐकलंय का कधी? १९४८ पर्यंत निजामात राहिलेलं गाव आमचं. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायको’ यांच्या पलीकडे आमची गाडी गेली नाही आणि जायचं कारणही नव्हतं; भाजीपासून भांडणापर्यंत सगळं तेवढ्यात भागतं. त्या घरात आता सहा वर्षांचं लेकरू गृहपाठ समोर ठेवून म्हणतं, ‘माँ, मैं इस वक्त बहुत परेशान हूँ, कृपया मेरी मदद कीजिए.’ आई कपाळाला हात लावून बघते, ताप तर नाही? आजोबा आपल्या ठेवणीतल्या हिंदीत विचारतात, ‘कायको रोरा बे?’ लेकरू थक्क. दोघंही हिंदीच बोलतायत आणि दोघांनाही दुभाषा लागतोय. नानलपेठेत खेळणी घ्यायला गेलं की दुकानदार चाचा पोराचं बोलणं ऐकून बापाला हळूच विचारतात, ‘दिल्लीसे आए क्या?’ बाप मान खाली घालून सांगतो, ‘नै चाचा, टीव्हीसे.’

तरी खरी अडचण मांजराची नाहीच. खरी अडचण आहे नोबिता. या पोरावर बोलायला लागलं की परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात आईचा रक्तदाब वाढतो. का नाही वाढणार? आपण कुठे राहतो? लातूर इथून किती लांब? दहावीचा निकाल लागला की गादी, उशी, स्टीलचा डबा आणि पोरगं टेम्पोत टाकून लातूरला रवाना करायचं, दोन वर्षं त्याने फक्त नीट एके नीट करायचं, हा आपला कुळधर्म. आणि समोर पडद्यावर कोण? चष्मेवाला, आळशी, परीक्षेत शून्य, मैदानात शून्य, गृहपाठ वहीत शोधून सापडत नाही, रोज मास्तरांच्या शिव्या. एकच विक्रम त्याच्या नावावर: उशीला डोकं टेकवल्यापासून ०.९३ सेकंदांत झोप! बाकी नेमबाजी चांगली आणि बोटांत दोरा अडकवून आकार करायचे. नीटच्या पेपरात दोऱ्याला किती गुण आहेत?

आणि असा पोरगा नायक! शून्य मिळवून घरी येतो, तो पेपर कुठे लपवू म्हणतो, आणि मग मांजराच्या पोटावरच्या खिशातून काहीतरी निघतं. तो ब्रेड आठवतो ना? (आठवणार नाही कसा!) पुस्तकाच्या पानावर दाबायचा, मजकूर ब्रेडवर उठतो, खाऊन टाकला की सगळं पाठ. पहिल्यांदा तो भाग लागला तेव्हा किती आयांनी पोळ्या लाटता लाटता मान वळवली होती, खरं सांगा. वर्षाची क्लासची फी आणि एक ब्रेड, गणित कुणालाही कळतं. पुढे काय होतं तेही आठवतंय: नोबिता हावरटासारखा खातो, पोट बिघडतं, आणि पाठ केलेलं सगळं संडासात वाहून जातं. म्हणजे निकालाच्या दिवशी जे व्हायचं ते आदल्या रात्रीच झालं. यावर हसू दाबत ‘काय हे घाणेरडं’ म्हणणारे आपण, चॅनल बदलला का? ब्रेक संपेपर्यंतसुद्धा नाही.

डेकीसुगी नावाचा एक पोरगा आहे बरं का त्यात. सगळ्यांत पहिला, स्वच्छ, शहाणा, नम्र. म्हणजे थेट लातूर पॅटर्न. त्याचं चित्र असलेलं दप्तर कुणी पाहिलंय? डबा? राखी? एक तरी फुगा? आयांनी कितीही डोळे मोठे केले तरी बाजार खरं बोलतो.

बाटलेल्यांची यादी करायला घेतली तर वही पुरायची नाही. सेलूकडचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक. सगळी हयात अंधश्रद्धेविरुद्ध घालवलेली, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वर्गात वाचून दाखवणारे. नातवाकडे सुट्टीला आले आणि पहिल्याच संध्याकाळी टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी व्याख्यान ठोकलं. म्हणे, डोक्यावर एवढीशी पंख्याची चकती लावून माणूस उडूच शकत नाही. न्यूटनचा तिसरा नियम! पंखा एकीकडे फिरला की अंग उलट दिशेला गरगरणार. म्हणून तर हेलिकॉप्टरला शेपटाकडे दुसरा पंखा लागतो. शिवाय सगळं वजन मानेवर लटकलं तर मणके निखळून हातात येतील. बरोबर बोलले की नाही? शंभर टक्के. पोरगं शांतपणे म्हणालं, ‘आजोबा, बसा. पुढं डायनासोर आहे.’

आजोबा बसले. इथेच घात झाला. आता सुट्टी संपून पोरगं शाळेत जातं आणि आजोबा दुपारी एकटे बघतात. विचारलं तर म्हणतात, ‘त्रुटी काढतोय.’ वहीत खरंच त्रुटी लिहिल्यात. सोबत तारीख, भाग आणि कंसात ‘पुन्हा पाहणे’ असा शेरा. परवा तर शेजाऱ्यांशी त्यांचा वाद झाला की टाइम मशीन नोबिताच्या टेबलाच्या कुठल्या खणात आहे. वाद कडाक्याचा. चहा गार झाला.

आज्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या मालिकेची वेळ या मांजराने खाल्ली म्हणून पहिल्यांदा केवढा आकांत! आता? शिझुका म्हणजे ‘ती गुणाची पोर’, सुनियो म्हणजे ‘तो चहाडखोर श्रीमंताचा’, आणि जियानला तर मराठीतल्या सगळ्या ठेवणीतल्या शिव्या. तो गाणं म्हणायला लागला की आजी कानावर पदर ओढून म्हणतात, ‘मुडद्या, याच्यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा.’ सुनांच्या मालिकेत कोण कुणाची कितवी बायको याचा घोळ होतो. इथे पाच पोरं, एक मांजर, मारणारा एक आणि मार खाणारा एक. आज्यांना सगळं कळतं. उलट त्यांचंच म्हणणं, की नोबिताची आई ओरडते ते योग्यच आहे, पण जेवताना ओरडू नये.

आता एक गोष्ट सांगतो, ती या दंग्यात फारशी कुणी बोलत नाही. हे मांजर आलं कशासाठी, आठवतंय? पोरांना वाटतं, खिशातल्या वस्तू दाखवायला. नाही हो. पहिल्याच गोष्टीत आहे: नोबिता मोठा होऊन धंदा काढणार, त्याला आग लागणार, कर्ज होणार. एवढं कर्ज, की त्याच्या नातवाच्या नातवापर्यंत फिटत नाही. तो नातवाचा नातू सेवाशी, त्याला नववर्षाला ओवाळणी मिळते अवघे पन्नास येन. कंटाळून तो काळात मागे एक यंत्रमांजर पाठवतो, की बाबा रे, या खापरपणजोबाला आधी सुधार, म्हणजे आमच्या डोक्यावरचं उतरेल.

म्हणजे बघा, सगळ्या डामडौलाच्या मुळाशी काय निघालं? कर्ज! बाविसाव्या शतकातल्या घराच्या सातबाऱ्यावर विसाव्या शतकातल्या माणसाचा बोजा. हे टोकियोच्या पोराला समजावून सांगावं लागत असेल. मानवत-पाथरीच्या कपाशीवाल्याला समजावून सांगायचंय का? आजाने काढलेले, बापाने फिरवलेले आणि आपल्या नावावर आलेले कागद कुणाच्या पत्र्याच्या पेटीत नाहीत? आपल्याकडे अशा वेळी कर्जमाफीची घोषणा होते, मग निकष येतात, मग याद्या येतात, मग यादीत नाव नसतं. सेवाशीने अर्जबिर्ज केला नाही. मांजर पाठवलं. गावच्या पारावर हा मुद्दा निघाला तेव्हा एक म्हातारबा बिडी विझवून एवढंच म्हणाले, ‘मांजर तर मांजर. आलं तर खरं.’

पुरे. जास्त बोललं की गंभीर व्हायला होतं आणि आपण तर इथे नावं ठेवायला जमलो आहोत.

तर खिसा. त्या खिशातून काय काय निघतं आणि परभणीत त्याचा काय काय उपयोग झाला असता, या विषयावर ज्याने कधी मनातल्या मनात विचार केला नाही त्याने हात वर करावा. दिवाळीत मुंबईहून गावाकडे यायचंय, देवगिरी वेटिंग, तपोवन वेटिंग, ट्रॅव्हल्सवाल्याने भाव दुप्पट केलेला. अशा वेळी ते गुलाबी दार! कडी काढली, दादर; उंबरा ओलांडला, परभणी. वस्तू लहान करणारी बॅटरी मिळाली तर कापसाची गाडी खिशात घालून जिनिंगवर न्यावी, आणि मोठी करणारी मिळाली तर काट्यावर ठेवण्याआधी हळूच मारावी. (हे लिहिलं तरी कुणी करू नये.) टाइम मशीन मिळालं तर पोरं म्हणतात डायनासोर बघू. मोठी माणसं म्हणतात जून बघू, पाऊस कधी येतो ते. तसं पावसाचं आपल्याला मशीन लागत नाही म्हणा. ज्यांच्या अंदाजाकडे सगळा मराठवाडा कान लावून बसतो ते पंजाबराव डख आपल्याच जिल्ह्यातले, गुगळी धामणगावचे. तरीसुद्धा डोरेमॉनने एखादा अंदाज सांगितला तर दोन्ही अंदाज मोबाइलवर पुढे ढकलून तिसऱ्याला विचारणारे लोक आपण.

सगळ्यांत जिव्हारी लागते ती कावासाकीची गोष्ट. फुजिमोतो त्या शहरात राहायचे, त्यांचं संग्रहालय तिथे ३ सप्टेंबर २०११ ला उघडलं. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला शहराने काय करावं? डोरेमॉनला रहिवासी म्हणून दाखला दिला. रीतसर! जन्म व्हायला शंभर वर्षं असलेल्या, लोखंडाच्या, परक्या शतकातल्या मांजराला! ना जन्माचा पुरावा, ना रेशनकार्ड, ना लाइटबिल. इथे जित्याजागत्या माणसाला तो दाखला काढायला किती चकरा पडतात ते ज्याचं त्याला ठाऊक. आणि आपण तर जन्मस्थानाच्या बाबतीत मुरलेली माणसं! साईबाबा जन्मले पाथरीला, असं आपला जिल्हा ठासून सांगतो. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि १९ तारखेला तिकडे शिर्डी बंद! एवढी धार आपल्या जन्मस्थानांना. तिकडे मात्र जन्म व्हायच्या आधी कागद तयार, आणि एकही शहर बंद नाही. मजा गेली ना त्यातली?

अधूनमधून एक अफवा येते. शेवटच्या भागात म्हणे नोबिता इतके दिवस बेशुद्धच होता, मांजर त्याच्या स्वप्नात होतं. मोबाइलवर फिरते, खाली लाल अक्षरांत ‘रडू आलं तर पुढे पाठवा’. जपानातसुद्धा असल्या शेवटांच्या वावड्या उठून गेल्या, आणि फुजिमोतो तर गोष्टीचा शेवट न करताच १९९६ साली गेले. हे पुराव्यानिशी सांगूनही ऐकतं कोण? परवा एका घरात आई-बाप-लेकरू तिघंही डोळे पुसत बसलेले. लेकरू रडतं ते समजतं. बाप कशाला? बाप म्हणे, ‘कांदा कापत होतो.’ हातात मोबाइल होता, विळी नव्हती.

आता कानावर आलंय ते शेवटचं आणि सगळ्यांत भयंकर. गल्लीतल्या पोरांनी उत्सव समिती काढली आहे. खऱ्या जन्मदिवसाची, २११२ ची! पंचांगात नसलं तरी गणित करून त्यांनी वार काढलाय: ३ सप्टेंबर २११२ ला शनिवार. सकाळची शाळा, म्हणजे कार्यक्रम दुपारनंतर. आपल्यापैकी कोण असणार आहे तेव्हा? कुणीच नाही. तरी अध्यक्षपदावरून दोन गट पडले, कोषाध्यक्षाने राजीनामा देऊन मागे घेतला, आणि वर्गणीला एक पोरगा वही घेऊन दारोदार हिंडतोय. दारात आला की मोठी माणसं कपाळाला आठ्या घालतात, ‘आम्ही कार्टून बघत नाही, चल पुढं’ म्हणतात. पोरगंही मोठं चलाख. त्याने ‘न बघणारे’ असं वेगळं पान केलंय आणि त्या पानावर नावापुढे रक्कम लिहितो. बेकरीतले खारीवाले, त्रुटीवाले मास्तर, बिडीवाले म्हातारबा, सगळे त्याच पानावर. ‘बघणारे’ या पानापेक्षा त्यावरची बेरीज जास्त झालीय, आणि पोरगं म्हणतं, तुमच्या घरचं अजून यायचंय.